खालच्या ब्लॉकमधलं मिरचीचं मशीन

५ मार्च १९८९, डोंबिवली
काल आमच्या खालच्या ब्लॉकमध्ये मशीन आलं, आज चालूही झालं. पाटी लागली: मिरची व मसाला कांडून मिळेल. बरोबर आमच्या स्वयंपाकघराखाली. फळीवरची भांडी आपली आपण थरथरतात, ते एक वेळ चालवून घेईन. पण ह्यांचा दमा! पहिल्याच मिरचीला असा ठसका लागला की पंप दोनदा मारावा लागला. मागच्या गॅलरीत बसवलं, नाकाला ओला पंचा. खिडक्या लावल्या तर उकाडा, उघडल्या तर मिरचीचा खकाणा.
हे गप्प राहून सोसतात. मी सोसणार नाही.

६ मार्च
शाळेतून आल्या आल्या खाली गेले. मशीनवाल्या बाळारामला भेटले. माणूस तसा वाईट नाही. बिल्डिंग त्याच्या वडिलांच्या भातशेतावर उभी आहे, बिल्डरने पैशांबरोबर हा तळमजल्याचा ब्लॉक दिला. राहायला दिला, हे मी त्याला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "वैनी, ह्यो शेत आमचे बापाचा व्हता. आता भात कुठं लावू, तुमचे जिन्यान?"
शेत गेलं याचं वाईट वाटतंच. पण त्याची भरपाई ह्यांच्या छातीतून का?

१२ मार्च
गच्चीवर सोसायटीची मीटिंग. झाडून सगळे हजर. सेक्रेटरी लेले तर लढाईवर निघाल्यासारखे बोलले. राहत्या वस्तीत धंदा चालू देणार नाही, वगैरे. लेलेवहिनींनी खोकून दाखवलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या. हे आले नाहीत, गच्चीपर्यंत जिना चढवत नाही. घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "बाळाराम काय करील बिचारा." दम्याचा पेशंट कोण, हेच कधी कधी समजत नाही!

२० मार्च
अर्ज वॉर्ड ऑफिसात दिला. लेले बरोबर होते, पण बोलले मीच. इन्स्पे. पाहणीला येतील असं सांगितलंय. येईपर्यंत शाळा सुटली की रोज जाऊन विचारायचं, ठरलं.

१६ एप्रिल
मशीन सकाळपासून. सीझनच आहे. गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही, घरोघरच्या मिरच्या वाळताहेत. बेडगी, लवंगी, एका साडीवर धणे. आमच्याही आहेत, वर्षाचा मसाला काही चुकत नाही. मी स्टेशनकडच्या नेहमीच्या कांडपवाल्याकडे नेणार, परीक्षा संपल्या की. बाकीचेही तिकडेच नेतील, सह्या केल्यात ना.

२५ एप्रिल
लिहायलासुद्धा लाज वाटते.
इन्स्पे. आले. मी मुद्दाम अर्धी रजा टाकलेली. लेले पुढे, मी मागे, अशी वरात खाली. मशीन चालू, खकाणा उडतोय, म्हटलं बरं झालं, साहेबांना आयतं दिसलं. साहेब शिंकले. मग खाली बघितलं. भिंतीला डब्यांची रांग. प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटने नाव, हरवायला नको म्हणून आपण सगळेच घालतो तसं. लेले. कुलकर्णी. सावंत. परब. आणि मशीनपाशी, आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिसळू नये म्हणून पदर नाकाला लावून उभ्या, लेलेवहिनी!
साहेबांनी अर्ज काढला, एकदा सह्या वाचल्या, एकदा डबे. "नक्की तक्रार कोणाची आहे?" म्हणाले.
"माझी," मी म्हटलं.
त्यांनी बोटाने शेवटचा डबा दाखवला. आमचा. माझ्याच अक्षरात आमचं आडनाव.
साहेब काही न लिहिता गेले. पुन्हा येऊ म्हणाले.

२६ एप्रिल
काल ह्यांच्याशी बोलले नाही. आज बोलले. मी शाळेत असताना हे स्वतः, घरात आणून ठेवलेल्या मिरच्या भाजून, डबा घेऊन खाली गेले होते. भाजताना जीव घाबरा झाला तो वेगळा. का, तर मला स्टेशनपर्यंत ओझं न्यायला लागू नये. "तुझी कंबर दुखते," म्हणाले.
राग आला, रडूही आलं. या माणसाला वाचवायचं तरी कसं?

३० एप्रिल
डबा परत आणला, अर्धवट कांडलेला, तसाच. मग दारोदार फिरले. म्हटलं, आपापले डबे उचला आणि स्टेशनकडे न्या. लेले म्हणतात, सीझन संपू दे, मग बघू. सीझन संपल्यावर कशाला बघायचं? सावंतांनी उचलला. परब विचार करताहेत. लेलेवहिनी म्हणाल्या, इथे मसाला फार छान बारीक होतो. खोकला बरा झालेला दिसतो.
नवा अर्ज लिहिला, ऑफिस उघडलं की देईन. सही माझी एकटीची.

५ मे
ऑफिसातून निरोप, साहेब मंगळवारी येणार. ह्यांना सांगितलं. नुसतं हं म्हणाले. डॉ.नी औषध वाढवलंय. रात्रभर उशांना टेकून बसतात. मला भीती वाटते, पण ती ह्यांच्यासमोर दाखवत नाही.

७ मे
सकाळी मशीन सुरू झालं आणि हे घरात नाहीत. गॅलरीत नाहीत, बाथरूममध्ये नाहीत. धावत खाली गेले. बाळारामच्या दारात घडीची खुर्ची टाकून बसलेले, हातात पंप. श्वास शिट्टीसारखा वाजतोय. मी ओरडले, आत्ताच्या आत्ता वर चला. मान हलवली. इतक्या वर्षांत ह्यांनी मला पहिल्यांदा नाही म्हटलं असेल.
बाळारामने मोटर बंद केली. पाणी आणून दिलं. मला म्हणाला, "काका उठतील तवा चालू करीन."
हे दम लागत लागत म्हणाले, "साहेब येईपर्यंत, मंगळवारपर्यंत उठत नाही. हिने एकटीने किती धावायचं?"
बाळारामने मोटर लावली नाही. दोन गिऱ्हाइकं डबे घेऊन परत गेली. लेलेवहिनी जिन्यातूनच बघून वळल्या. त्याची बायको आतून आमच्याकडे बघत होती. तिचं पोट यावरच आहे, ते मला दिसत होतं. तरी ह्यांना उठवलं नाही.
वर जाऊन दुसरी खुर्ची आणली आणि ह्यांच्याशेजारी टाकली. जेवण खालीच. आत्ता लिहितेय तेही इथेच, मांडीवर वही ठेवून. मोटर बंद आहे. ह्यांना बसल्या बसल्या डोळा लागलाय.