चूलबंद आवतण

सर,

तुमच्या नातीची प्रकल्पवही माझ्यासमोर टेबलावर आहे. अकरावी, कला शाखा, विषय समाजशास्त्र. वीसपैकी किती गुण द्यायचे ते मला ठरवायचं आहे, आणि त्याआधी तिच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. बातमी आली तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. शेजारच्या मॅडम हळहळल्या, त्यांनी आपला डबा झाकून ठेवला. मी मात्र शेवटची पोळी संपवली, बोटं चाटली आणि तासाला गेले. त्या दिवशी वांग्याची भाजी जरा जास्तच चांगली झाली होती. एवढ्यावरून तुमच्या लक्षात येईल की हे पत्र काही श्रद्धांजलीचं नाही.

शिकवायचात मात्र तुम्ही छान, हे कबूल करावंच लागतं. समाजशास्त्र म्हणजे काय, हे आमच्या वर्गात कोणालाच माहीत नव्हतं. विज्ञानाला मार्क पुरले नाहीत म्हणून आलेली सगळी फौज. पहिल्याच तासाला तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "डोळ्याले दिसते ते लिवा. मनाले वाटते ते लिवू नका. यालेच निरीक्षण म्हन्तेत." मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. सोळा वर्षांची होते, खरं वाटलं.

मग तुम्ही प्रकल्प दिलात. आपल्या गावातला एखादा सामूहिक कार्यक्रम पाहायचा आणि त्याच्या नोंदी करायच्या. आपलं गाव एकच. तुमचं घर वर गावात, आमचं नाल्याच्या अलीकडे बौद्धवस्तीत. आणि गावातला सगळ्यात मोठा कार्यक्रम तुमच्याच घरचा. तुरीची सोंगणी झाली की तुमच्या मळ्यात रोडग्याचा स्वयंपाक व्हायचा. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, वरण, वांग्याची भाजी, वर तूप. आदल्या संध्याकाळी तुमचा गडी आवतण सांगत फिरायचा. गावातल्या दारादारात उभा राहून म्हणायचा, "चूलबंद आहे हो उद्या!" म्हणजे उद्या चूल पेटवायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्या घराने जेवायला यायचं. आमच्या वस्तीत तो दारात येत नसे. पंचशील झेंड्यापाशी थांबून तिथूनच ओरडायचा, "घरटी एक मानूस!" आमच्या घरात पाच माणसं. बाबा जायचे. परत येताना दुपट्ट्यात दोन रोडगे बांधून आणायचे, त्यांना राखेचा वास असायचा. आई ते कधी खात नसे. "मले भूक नाही," म्हणायची, आणि चुलीपाशी बसून भाकर खायची.

मी त्या गड्याच्या मागे मागे फिरले. कोणत्या दारात तो काय बोलला, कुठून ओरडला, पंगतीत कोण आधी बसलं, पत्रावळी कोणी उचलल्या, सगळं लिहिलं. मनाला वाटलं ते एक अक्षर लिहिलं नाही. वही दिली तेव्हा माझी छाती फुगली होती. वाटलं, सर म्हणतील, याला म्हणतात निरीक्षण.

तुम्ही ती वही वर्गात वाचून दाखवलीत. 'घरटी एक माणूस' पाशी थांबलात, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आवतण कमी पडलं म्हून समाजशास्त्र शिकून राह्यली का वं तू? हे निरीक्षण आहे का चुगली?" वर्ग हसला. नुसता हसला नाही सर, बाकं वाजवून हसला. त्यानंतर वर्षभर पोरं मला 'घरटी एक' म्हणत. एस.टी.त जागा धरायची तर मागून आवाज यायचा, "एकच बसा हो, घरटी एक!" तुम्हाला हे माहीत होतं. तुमच्यासमोर झालं, आणि तुम्ही फळा पुसत राहिलात.

पुढचं मी गेली चोवीस वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे. सरांनी मला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि तोच प्रकल्प उलटा लिहून घेतला. शीर्षक, 'ग्रामीण समाजातील एकोपा'. आई म्हणाली, "लिव वं माय, मास्तर म्हन्तेत तसं. कागद आपला, पेन आपला, मार्क त्याईचे." तो प्रकल्प तालुक्याच्या प्रदर्शनात गेला, त्याला पहिला नंबर आला. स्टेजवर तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. तो हात मला अजून जड वाटतो.

मी हे मनात ठेवून कुढत बसणाऱ्यांतली नाही. मी समाजशास्त्रातच एम.ए. केलं, बी.एड. केलं आणि मंगरूळपीरला कनिष्ठ महाविद्यालयात लागले. दरवर्षी सामाजिक स्तरीकरणाचा धडा आला की खडू खाली ठेवते आणि म्हणते, "एक शिक्षक होते." नाव घेत नाही. पण आजूबाजूच्या गावांतली पोरं शिकायला येतात, त्यांना मळा ओळखू येतो, घर ओळखू येतं. तुम्ही जिवंत होतात तेव्हा हे तुमच्या कानावर गेलं होतं. बाजारात मला पाहून तुम्ही रस्ता बदललात, तो दिवस माझ्यासाठी पोळ्याच्या सणासारखा गेला.

आणि यंदा जूनमध्ये तुमची नात माझ्या वर्गात येऊन बसली. कपाळ तुमचं, चष्मासुद्धा तुमचाच. मी मनात म्हटलं, या बाई, तुमचीच वाट पाहत होते.

प्रकल्प मी तोच दिला. तिने विषयही तोच निवडला, घरचे रोडगे. वही उघडली आणि पहिल्याच पानावर वाक्य होतं, 'या दिवशी गावातील सर्व चुली विझतात आणि सारा समाज एका पंगतीत बसून एक होतो.' शब्दन् शब्द माझ्या त्या 'एकोपा'च्या प्रकल्पातला होता. विचारलं तर म्हणाली, "आबाच्या कपाटात जुनी फाइल होती मॅडम. तिच्यावर उत्कृष्ट लिवेल होतं, म्हून उतरवलं." मी वही तिच्यापुढे सरकवली. म्हटलं, हे खोटं आहे. घरी जा, आवतण कसं देतात ते बघ. डोळ्याला दिसतं ते लिही.

पोरगी गेली, आणि लिहून आली. आता काळ बदलला आहे सर. तुमचा मुलगा आवतण गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो, 'सर्वांना सप्रेम निमंत्रण, सहकुटुंब यावे'. पण मग गडी दारोदार चूलबंद सांगायला निघतोच. तुमच्या नातीने लिहिलं आहे, 'गडी वरच्या गावात सगळ्या घरी गेला. नाल्याच्या पलीकडे गेला नाही. वस्तीतून कोणी जेवायला आले नाही. वडिलांना कारण विचारले. ते म्हणाले, मेसेज टाकला ना.' खाली एक ओळ सोडून लिहिलं आहे, 'मेसेज सर्वांनी वाचलेला होता.'

हे वाचून मी टेबलावर हात आपटला, इतका आनंद झाला. दोन दिवसांनी तुमचा मुलगा कॉलेजात आला. लाल झाला होता. "पोरीच्या डोक्यात काय भरून राह्यल्या मॅडम तुमी? आमच्या बाबानं तुमाले शिकवलं, हे पांग फेडले का त्याईचे?" मी म्हटलं, हो, हेच फेडले. तो गेल्यावर मी चहा मागवला, साखर जास्त टाकून.

इथे पत्र संपवता आलं असतं. पण काल तुमची नात ती जुनी फाइल घेऊन आली. माझ्यापुढे ठेवली आणि नावावर बोट ठेवलं. आडनाव माहेरचं, पण नाव माझं. म्हणाली, "मॅडम, हे तर तुमचंच आहे. तुमी खोटं काहून लिवलं?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "तुझ्या आबांनी समोर बसवून लिहून घेतलं." तिने मान खाली घातली. घरी जाऊन बापाशी भांडली म्हणे. वहीत आता तिने तसं एक पान जोडायचं ठरवलं आहे. मी सांगितलेलंच खरं ना, एवढंच तिने मला विचारलं आहे.

तुम्ही मला समोर बसवलं नव्हतं. स्टाफरूमच्या दारात उभे राहून तुम्ही वही परत दिलीत आणि म्हणालात, "ठिवायचा तर ठिव तसाच. पास होशीन. पन प्रदर्शनात नाही जानार." आणि तास घ्यायला निघून गेलात. लिहून घेतलं ते मीच, माझ्याकडून. एकटीने, आमच्याच चुलीपाशी बसून. 'सर्व चुली विझतात' हे वाक्य तुमचं नाही. ते मला सुचलं होतं आणि फार आवडलंही होतं. लिहिताना समोर आई भाकर थापत होती. प्रमाणपत्र तिच्या घरात अजून भिंतीवर आहे. मी काढू देत नाही.

तुम्हाला माफ केलेलं नाही. बाकं वाजत होती तेव्हा तुम्ही फळा पुसत होतात, ते मी मरेपर्यंत सांगेन. तुमच्या नातीला वीसपैकी वीस दिले आहेत, आताच. पण तिचं ते पान उद्या येईल, आणि तिला अजून मी खरं काय ते सांगितलेलं नाही.