बाईसाहेबांचा नवा कार्बोरेटर

२ नोव्हेंबर

ठरलं. बाबांना बाईसाहेबांतून एक फेरी मारून आणायची. बाईसाहेब म्हणजे त्यांची गाडी. नाव त्यांनीच ठेवलेलं, वयाने माझ्याहून थोरली, कित्येक वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता घरीच असू द्या, आनंदात ठेवा. आनंदाचं खातं मी घेतलं. औषधं, ऑक्सिजनचं मशीन, अंग पुसणं वगैरे किरकोळ गोष्टी ताई बघतेय. ती त्यासाठीच आलीय.

आजपासून शिस्त. सकाळी शेड, दुपारी बाबांजवळ बसायचं.

३ नोव्हेंबर

दुखणं सापडलं. कार्बोरेटर. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला भरवायचं हे त्याचं काम, आणि हा नुसता गळतोय. मिस्त्री म्हणाला, आतली सुई आणि सांध्यातलं गॅस्केट बदला, जुनाच चालेल. मिस्त्रीला नव्याचं वावडं. मी आजच्या जमान्याचा मागवला. व्हिडिओतल्या माणसाने एका दुपारीत बसवला, तोही शिट्टी वाजवत.

बाबांजवळ बसायचं राहिलं. व्हिडिओ लांबलचक होता.

६ नोव्हेंबर

बाबांना दारातूनच बातमी दिली. नवा कार्बोरेटर येतोय म्हटलं. ते म्हणाले, असू दे रे जुना, तू ये, बस जरा. आजारपणात माणसाला नवीन काही नको वाटतं. समजून घ्यायला हवं.

११ नोव्हेंबर

पार्सल आलं! काय चकाकतोय. जेवणाच्या टेबलावर ठेवला. हिने ताटं घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवली.

एक बारीक अडचण. जुन्याला दोन बोल्ट, नव्याला चार, आणि एकही भोक जुळत नाही. मधे प्लेट घालावी लागेल. प्लेट घातली की कार्बोरेटर उंच होणार आणि बॉनेट बसणार नाही. बॉनेट तसंही शोभेलाच असतं.

१५ नोव्हेंबर

प्लेट स्वतःच करायला घेतली. ड्रिल लावलं आणि घरभराची वीज गेली. ताई ओरडत बाहेर आली, बाबांचं मशीन बंद पडलंय. घाबरण्यासारखं काही नव्हतं, सिलिंडर होता. फक्त तो उघडायचा पाना जागेवर नव्हता. ताईने घर पालथं घातलं. शेवटी माझ्या पेटीत निघाला. आता पान्यावर काय नाव लिहिलेलं असतं?

ताई म्हणते, बाबांचे ओठ निळे पडले होते. मी डोकावलो तेव्हा मला नेहमीसारखेच वाटले. खोलीत उजेड कमी होता हेही खरं.

ड्रिलिंग झालं. प्लेट एका बाजूला किंचित तिरकी आहे. आवळल्यावर बसेल.

१९ नोव्हेंबर

कार्बोरेटर बसला. इंजिनवर मुकुट ठेवल्यासारखा दिसतो.

एक गंमत आहे. जुन्याची एक्सिलरेटरची दांडी ढकलणारी, नव्याला ओढणारी हवी. सध्या पॅडल दाबलं की इंजिन मंदावणार आणि सोडलं की बोंबलणार. हा सवयीचा प्रश्न आहे. तरी दांडी बदलून घेईन.

दुपारी बाबांकडे जाणारच होतो, पण हात तेलाने माखलेले. आजारी माणसाजवळ असं जाऊ नये.

२२ नोव्हेंबर

सुरू झाली!! दांडी उलटी करून जोडली, सेल्फ मारला, खोकली, धूर ओकली आणि सुरू झाली. थोडी वरखाली होत होती, धाप लागल्यासारखी, मग बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. असं बराच वेळ.

ताई बाबांच्या खोलीच्या खिडकीत आली. म्हणाली, बाबा आवाज ऐकताहेत, ते सांगताहेत की कार्बोरेटरच्या बुडाशी इंजिन हवा ओढतंय, त्याला बघायला सांग. आता बाबांच्या नाकाला नळी लावलेली. त्यांना सगळीकडे हवाच दिसणार. हो म्हणालो, वाईट वाटायला नको म्हणून.

मग ताई म्हणाली, ते बोलावताहेत, दोन मिनिटं ये. म्हटलं, हे एवढं पेट्रोल सोडणारं जेट बदलतो आणि येतो. तिने खिडकी लावून घेतली. आतून कडीसुद्धा घातली. पेट्रोलचा वास आत येतो म्हणे. ताई लहानपणापासून वासाला नाजूक.

२४ नोव्हेंबर

जेट तीनदा बदललं. इंजिन वरखाली होतंच आहे.

हिने विचारलं, तू बाबांच्या खोलीत शेवटचा कधी बसला होतास? मी म्हटलं, दिवसभर भिंतीपलीकडे तर असतो, याहून जवळ काय असायचं? ती उठून बाबांच्या खोलीत गेली. म्हणजे पटलं असावं.

२६ नोव्हेंबर

सापडलं! तिरक्या प्लेटच्या खालून इंजिन हवा ओढत होतं. साबणाचं पाणी सोडलं तर तिथे आत ओढलं गेलं. मीच शोधून काढलं. चिकाटी लागते या कामाला. बाबांना सांगायला गेलो तर झोपले होते. की डोळे मिटून होते. दारात उभा राहिलो थोडा वेळ. श्वासाचा आवाज फार मोठा येतो आता. खोलीत एवढं थांबवत नाही कुणाला. जाड गॅस्केट कापायचं होतंच, निघालो.

३० नोव्हेंबर

ताईने सांगितलं, गाडी खिडकीपासून हलवली नाहीस तर मीच ढकलून देईन. ठीक आहे. जाड गॅस्केट घालून सुरू केली आणि थेट फाटकाकडे काढली. म्हटलं आजच फेरी! फाटकाच्या मधोमध दांडी निसटली. पॅडल लुळं पडलं, इंजिन गप्प. ब्रेकही धरून बसले, मागेपुढे हलेना. एक छोटी क्लिप हवी होती. गाडी तशीच सोडून दुकानात गेलो. दुकान उघडायची वाट बघावी लागली.

परत आलो तर बाहेर रुग्णवाहिका उभी. बाबांना एकदम त्रास झाला होता. रुग्णवाहिका आत येईना आणि गाडी व भिंत यांच्यातून स्ट्रेचर जाईना. शेवटी बाबांना खुर्चीत बसवलं. रुग्णवाहिकेच्या दोघांनी खुर्ची आडवी धरून सरकत सरकत बाहेर काढलं. ताई मागून सिलिंडर घेऊन. शेजारी गाडी ढकलत होते. मी क्लिप बसवत होतो, कारण ती बसली की गाडी निघालीच असती.

जाताना बाबांनी इंजिनवर हात ठेवला, नव्या कार्बोरेटरवरच. कौतुकाने. ताई म्हणते, खुर्ची कलंडत होती म्हणून त्यांनी आधार धरला. माणसाने किती वाकडं बघावं.

१ डिसेंबर

दवाखान्यात गेलो. बाबांना काचेतून पाहिलं. ताई आत होती, तिने खुणेने आत बोलावलं. मी खुणेनेच सांगितलं, नंतर येतो. एका वेळी एकालाच सोडतात असं कुठेतरी लिहिलेलं असणार.

२ डिसेंबर

क्लिप बसली. ब्रेक सुटले, गाडी ढकलून परत शेडमध्ये लावली. बाबा घरी आले की लगेच फेरी. मागच्या सीटवर गादी घालायची, म्हणजे आडवं होता येईल.

३ डिसेंबर

बाबा गेले. पहाटे. ताई जवळ होती.

७ डिसेंबर

घरात माणसं येताहेत, बसताहेत, जाताहेत. सगळे मला विचारतात, शेवटी काही बोलले का? मी ताईकडे बोट दाखवतो. करण्यासारखं काही नाही म्हणून शेडमध्ये आलो. कार्बोरेटरचा स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर. सेल्फ मारला.

पहिल्या फटक्यात सुरू झाली. धूर नाही, खोकला नाही, वरखाली नाही. कपात पाणी ठेवावं तर हलणार नाही असं इंजिन.

ताई आली. मला वाटलं बंद कर म्हणेल, घरात लोक आहेत. ती दार उघडून शेजारच्या सीटवर बसली. मग मीच विचारलं, बाबा गाडीबद्दल काही म्हणायचे का? ती म्हणाली, गाडीबद्दल नाही. इंजिन बंद पडलं की दरवेळी म्हणायचे, थांबलं बघ, आता येईल तो आत. उशी नीट करून घ्यायचे. मला खुर्चीवरून उठवायचे, तुझ्यासाठी.

एवढं सांगून ती उतरून गेली.

इंजिन छान चाललं होतं. किल्लीवर हात ठेवून बसून राहिलो. बंद करवेना.