तोकुमात्सुसानना कावळा शिवला त्याची हकिगत

ओजिमा, टोकियो
२० ऑक्टोबर १९९६

तीर्थस्वरूप विश्वनाथमामांस,
मयूरेशचा साष्टांग नमस्कार.

इकडे दादा, वहिनी खुशाल आहेत. माझी खुशाली अजून ठरायची आहे, ती पत्राच्या शेवटापर्यंत कळेल. तुमचा गुडघा कसा आहे? ब्रिस्बेनच्या सरकारी दफ्तरखान्यात जाऊन-येऊन तो सुजला, असं मामींनी दादाला लिहिलं. (खाली 'हे सगळं त्या कार्ट्यापायी' अशी ओळ होती, ती दादाने मोठ्याने वाचली.) मामींना नमस्कार सांगा आणि कार्टं लाजलं आहे असंही सांगा.

तुम्ही पाठवलेला कागद पोचला. त्या कागदाने इथे काय काय घडवलं ते सविस्तर लिहितो, कारण आईने तुम्हाला फोनवर फक्त 'एका जपानी म्हाताऱ्याचा शोध घ्यायचाय' एवढंच सांगितलं होतं, आणि मिनिटाचे पैसे मोजत सांगितलेल्या गोष्टीत प्रेमाचा भाग नेहमी गळतो.

सांगलीचं कॉलेज मी तिसऱ्या वर्षात सोडलं हे तुम्हाला ठाऊक आहे. (का सोडलं याबद्दल बाबांनी जे कळवलं असेल ते एकतर्फी आहे. वर्कशॉपच्या सरांनी आधी माझ्या कामाला 'उंदराने कुरतडलेलं' म्हटलं, मग मी कानस फेकली. क्रम महत्त्वाचा आहे.) डोकं थंड व्हावं म्हणून मला दादाकडे पाठवलं. इथे मी स्टेशनजवळच्या एका कोंबिनीत, म्हणजे अहोरात्र उघड्या दुकानात, अरुबाइतो करतो. अरुबाइतो म्हणजे अर्धवेळ नोकरी. शिक्षण अर्धवट आणि नोकरी अर्धवेळ, मिळून तुझं एक काहीतरी पूर्ण होतं, असं दादा म्हणतो. त्याला कंपनीत विनोद करायला मिळत नाहीत, तो ते घरी आणतो.

गेल्या वर्षी मराठी मंडळींच्या गणपतीत मी आरतीनंतरचं निर्माल्य पत्रावळींच्या प्लास्टिकमध्येच कोंबत होतो, तेव्हा मागून आवाज आला, "अहो, हे काय आरंभलंय तुम्ही? फुलं जळणाऱ्यात, प्लास्टिक न जळणाऱ्यात!" ती नैना चांदोरकर. वडील रवींद्र चांदोरकर पासष्ट साली जहाजाची इंजिनं शिकायला इथे आले आणि इथलेच झाले, आई जपानी. नैनाचं मराठी वडिलांकडून आलंय, त्यामुळे ते पासष्ट सालातच थांबलंय. ती मला "आपण फार तामसी आहात, मयूरेशसान" असं म्हणते आणि माझ्या डोक्यातली सगळी आग पायांत उतरते. मामा, मी दोन तास फुलं वेचत बसलो. दोरेसुद्धा वेगळे काढले.

अडचण होती ती तिच्या आजीची. हात्सुएआजी, नैनाच्या आईची आई, वय एक्क्याऐंशी, मूळच्या वाकायामाच्या किनाऱ्यावरच्या. त्या घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. मी रीतसर विचारायला गेलो तेव्हा त्यांनी मला चहा दिला आणि आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांचं नाव तोकुमात्सु. ते एकशे तीन वर्षांपूर्वी मोत्यांचे शिंपले काढायला ऑस्ट्रेलियाच्या टोकाच्या थर्सडे बेटावर गेले. (तेव्हा क्वीन्सलँड ही इंग्रजांची वसाहत होती, हे मला पुढे तुमच्या पत्रातून कळलं, पण त्या दिवशी मी सगळं आधीपासून माहीत असल्यासारखा बसलो.) दोन वर्षं पैसे आले, मग पैसे नाहीत, पत्र नाही, माणूस नाही. आजीचे वडील तेव्हा अंगणात खेळत होते. ते म्हातारे होऊन वारले तोवर वडिलांचं पान मांडत राहिले, पुढे आजी मांडू लागल्या. मेल्याची खबर कुणी दिली नाही, म्हणून गावच्या कचेरीतल्या कुटुंबाच्या नोंदवहीत तोकुमात्सुसान आजही हयात आहेत, वय एकशे एकोणतीस. आजी म्हणाल्या, समुद्रापलीकडच्या माणसाला मुलगी दिली ती एकदाच, आणि तीही जावयाने इथेच राहीन असं लिहून दिलं म्हणून. तू राहशील? मी म्हणालो, मी त्यांना शोधून आणीन. प्रश्न तो नव्हता हे मला घरी आल्यावर कळलं. वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्हाला या दोन खोल्यांत स्वतःचा मोजा सापडत नाही!"

आणि म्हणून, मामा, तुमचा गुडघा. तुम्ही त्या नावाचे दोन पाणबुडे शोधलेत, त्यातल्या एकाच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती हे बेटावरच्या इस्पितळाच्या वहीत पाहिलंत (आजीच्या घरी हीच आठवण, बोटं जाळ्याच्या दोरात गेलेली), आणि त्याच्या मृत्यूच्या नोंदीची नक्कल काढून पाठवलीत. २ मार्च १८९८, पाण्यात खोल गेल्याने. मी ती वाचली आणि घरभर नाचलो. वहिनीने दुधाच्या पावडरीचे पेढे करून ठेवले होते, तो डबा उचलला, चांदोरकरांच्या दारात उभा राहिलो आणि आपल्याकडे निकाल लागल्यावर सांगतात तसं पेढा पुढे करून जपानीत ओरडलो, "अभिनंदन! तोकुमात्सुसान वारले!"

रवींद्रकाका माझ्याकडे असे बघत राहिले, की मला वर्कशॉपच्या सरांची माया आली. नैना म्हणाली, "आपण आता जरा खाली बसावं." आजींनी मात्र कागद मागितला. नैनाने एकेक रकाना जपानीत सांगितला. बायकोचं नाव इने. तिथवर आजी मान हलवत होत्या. पुढच्या रकान्यात इंग्रज कारकुनाने लिहिलं होतं: मुलगा एक, हयात. आजींनी ते तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे शेवटी त्यांनी बाबांचं नाव काढलं होतं." त्यांनी डब्यातला एक पेढा घेऊन पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवला. मी खाली बसलो, मामा. खरंच बसलो.

तिथेच थांबलो असतो तर आज लग्नाची तारीख कळवत असतो. पण त्याच आठवड्यात सर्वपित्री आली आणि मला वाटलं, ज्यांचं शंभर वर्षं काही झालं नाही त्यांना आपल्या पद्धतीनेही एक घास ठेवावा. आजींवर छाप पडेल. आजी, नैना, काका सगळे आमच्या नवव्या मजल्यावर आले. वहिनीने भात, दही, तीळ केळीच्या पानाऐवजी कागदी ताटलीवर गॅलरीच्या कठड्यावर ठेवले. मला काळजी एवढीच होती, की कावळा अगदीच पटकन येईल आणि विधीला वजन राहणार नाही. इथले कावळे कोंबडीएवढे असतात, आणि त्या दिवशी शनिवार, जळणाऱ्या कचऱ्याचा. खाली जाळीखालून पिशव्या ओढून वीस-पंचवीस कावळ्यांनी उच्छाद मांडला होता. वर एक आला नाही.

दहा मिनिटं झाली. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे, ती कबूल करावी लागते, हे रवींद्रकाकांनी आजींना समजावून सांगितलं. (एवढं मराठीपण दाखवायची काही गरज नव्हती.) आजी एकदम सरसावून बसल्या. मी हात जोडून कबूल केलं, तुमच्या नैनाला सुखात ठेवीन. कावळा नाही. जपानमध्येच राहीन. नाही. रागावणार नाही. एक कावळा वर आला, माझ्याकडे बघितलं आणि परत गेला. मी त्याला हातातला चमचा फेकून मारणार होतो, नैनाने मनगट धरलं. (धरूनच ठेवलं होतं. त्या दिवसातलं तेवढं एक चांगलं.)

मग दादा, जो इतका वेळ टाय बांधत आत उभा होता, दारात येऊन म्हणाला, "आजोबा, हा परत जाऊन डिग्री पूर्ण करेल."

फडफड झाली. भात गेला, ताटलीही गेली.

वहिनी खाली बसून हसत होती. दादा ऑफिसला निघून गेला, ज्या ऑफिसला शनिवारी सुट्टी असते. आणि आजींनी मला चक्क वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "जा, पूर्ण करून ये. वाट बघायची आमच्या घराला सवय आहे."

मामा, दीड वर्ष! त्या सरांच्या हाताखाली! मी दादाशी आठ दिवस बोललेलो नाही. कावळ्याच्या सांगण्यावरून माणसाने आयुष्य ठरवायचं का? तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा. मी जाणार नाही म्हणजे नाही.

मामींना सा. न.

आपला आज्ञाधारक,
मयूरेश

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. त्या नावाचा दुसराही पाणबुडा होता ना? त्याच्या बोटांची नीट चौकशी होईल का? मेला तो भलताच कुणी निघाला आणि आमचे तोकुमात्सुसान पुढे कुठे जिवंत सापडले, तर कबूल केलेलं सगळं आपोआप रद्द होतं. घाईचं आहे.

ता. क. २. वरची ता. क. वाचू नये. पत्र पाकिटात घालताना नैनाने ते मागून घेतलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, की आजींनी कचेरीत तो कागद दिला, परवा वाकायामाला जाऊन घरच्या थडग्यावर नाव कोरायला दिलं, आणि आल्यापासून जास्तीचं पान मांडलेलं नाही. "आपल्याला तो माणूस पुन्हा हरवायचा आहे का?" मी जूनमध्ये सांगलीला जातो आहे. बाबांना तुम्हीच कळवा. मी कळवलं तर ते पुन्हा काय मागतोय म्हणून विचारतील. तिला म्हटलं, तू थांबशील? म्हणाली, दीड वर्ष थांबेन, शंभर नाही.

ता. क. ३. थडग्यात ठेवायला काहीच नाही. आजींना बेटावरच्या दफनभूमीतली मूठभर माती हवी होती, पण माती या देशात येऊ देत नाहीत, तेव्हा एक दगड चालेल, धुऊन. थर्सडे बेट तुमच्याच राज्यात आहे. मी नकाशात पाहिलं, ब्रिस्बेनहून जेमतेम वीतभर. (वहिनी म्हणते ती वीत सव्वादोन हजार किलोमीटरची आहे आणि पुढे होडी लागते. गुडघ्याला पट्टा बांधून जा.) तिथे पोचलात की त्यांना घरातली सगळी नावं क्रमाने सांगा, इनेपासून नैनापर्यंत. मग जरा थांबून माझंही सांगा. आसपास कावळे असतील तर राहू द्या.