निळी उजवीकडे ओढते

मानोरा, ८ सप्टेंबर २०२४

ती. आबांना, राखीचा शि. सा. न.

तुमच्या कानांना फोन जमत नाही म्हणून मी पत्र लिहिते, असं इथं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मलाच लिहायला बरं वाटतं. फोनवर घाईत काहीतरी चुकीचं बोलून जाते आणि मग रात्रभर तेच डोक्यात राहतं.

जे सांगायला नको वाटतं ते आधी सांगते. मंगळवारी मी निळीवरून पडले. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. तांड्यावरची सोयाबीनची पाहणी आटोपून परत येत होते. उतारावर खडी होती आणि गाडी उजवीकडे ओढली ती ओढलीच. मागचे हॉर्न ऐकू येईनात म्हणून तुम्ही मोटारसायकल चालवणं सोडलंत आणि निळी मला दिलीत, तेव्हापासून ती अशीच उजवीकडे ओढते. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकत असेल. म्हणून बोलले नाही.

बाबांना कळलं. ते म्हणाले, सदतीस वर्षांचं लोखंड आहे, दसऱ्याला एक्स्चेंजमध्ये देऊन स्कूटी घेऊ. मी रडले, हे आईने कळवलंच असेल. शेवटी त्यांनी अट घातली. दसऱ्याला मी आजीला निळीवर बसवून किन्हीराजाहून कारंज्याला तिच्या बहिणीकडे, तुळसाआजीकडे न्यायचं. गाडी सरळ गेली तर राहील, नाहीतर जाईल.

आबा, याच गाडीच्या टाकीवर बसवून तुम्ही मला वाचायला शिकवलंत. शाळेत नाव घालण्याआधी मला ‘का’ यायचा तो रस्त्यावरच्या ‘कारंजा’च्या दगडामुळे. ‘मालेगाव’ एका दमात वाचलं त्या दिवशी तुम्ही शेलूबाजारला जिलबी खाऊ घातली होती. स्कूटीला तर पुढे टाकीच नसते.

सुरुवात कुठून करू, ते कळवा. आजीला पडल्याचं सांगताना कोपराचंच सांगा, उताराचं नको.

तुमचा जीव माझ्यावर आहे तसाच राहू द्या.
तुमची राखी

*

किन्हीराजा, १३ सप्टेंबर

चि. राखीस, अनेक आशीर्वाद.

उताराचंही सांगितलं. तुझी आजी पत्र माझ्या हातातून ओढून वाचते, तिच्यापासून काय लपणार?

गाडी मोठ्या स्टँडवर घे. पुढचं चाक उचलून धरायला एक माणूस लाव आणि हँडल एका बोटाने हळूहळू फिरव. मधोमध आल्यावर ते खळग्यात बसल्यासारखं थांबलं, तर आतला कोनसेट गेला. म्हणजे ज्या वाट्यांमध्ये गोळ्या फिरतात त्या झिजल्या. मग पुढचं चाक खालून धरून मागेपुढे हलव आणि दुसऱ्या हाताचं बोट हँडलच्या सांध्यावर ठेव. लोक टकटक ऐकतात. मला ऐकू येत नाही, म्हणून मी बोटाने पाहतो, आणि बोट कानापेक्षा खरं सांगतं असा माझा अनुभव आहे. मागचं चाकही बाजूला हलतं का बघ. हललं तर तिथले बुश, म्हणजे सांध्यातल्या नळ्या, बदल. टायर जुनाच असेल तर तो आधी बदल.

पण उजवीकडे ओढते हे नवलच. माझ्या हातात ती नाकासमोर चालायची. तुझी आजी आणि मी दर बाजाराला कारंज्याला जायचो, कधी ओढली नाही.

जिलबी एकदा नव्हे, तीनदा खाल्लीस. ‘मालेगाव’ दर वेळी नव्याने वाचल्यासारखं करायचीस.

माया आहेच, ती पत्रागणिक मागत जाऊ नकोस.
तुझा आबा

*

मानोरा, २२ सप्टेंबर

ती. आबांना, शि. सा. न.

हँडल अगदी तुम्ही लिहिलं तसं मधोमध अडकलं. गॅरेजवाल्या परवेजभाईंनी कोनसेट उघडला तर वाट्यांमध्ये गोळ्यांचे खळगे पडलेले. ते बोटाने दाखवत म्हणाले, ताई, ही गाडी इतकी वर्षं एकाच रस्त्यानं गेली वाट्टे. नवा कोनसेट बसवला, बुश बदलले, दोन्ही टायर नवे घातले.

तरी ओढतच होती. मग मी गवंड्याची लाईनदोरी आणून दोन्ही चाकांना लावली. मागचं चाक जरासं तिरकं निघालं. हँडलही किंचित तिरकं आवळलेलं, आणि डाव्या शॉकअपचा स्प्रिंग उजव्यापेक्षा कडक. परवेजभाई हसले. म्हणे, कोन्या लंगड्यानं बसवली का? मला तुमच्यासाठी राग आला. आम्ही सगळं सारखं केलं. आता निळी सुतासारखी सरळ जाते! काल त्याच उतारावरून तीनदा उतरले.

फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. मागच्या चाकाच्या आणि हँडलच्या नटांवर पान्याच्या खुणा होत्या, जुन्या खुणांवर नव्या. ते ढिले होऊन सरकलेले नव्हते, कुणीतरी पुन्हा पुन्हा तिथंच आवळलेले होते. आबा, ते तुम्ही केलं होतं का? मी काही मोडलं का?

रागावलात तरी लिहा, न लिहिण्यापेक्षा ते बरं.
राखी

*

किन्हीराजा, २७ सप्टेंबर

चि. राखीले आजीचा आशीर्वाद.

तुये आबा पत्र वाचून ओट्यावर बसले ते चहा थंडा झाला तरी उठले नाहीत. मी इशाऱ्यानं विचारलं, काय झालं, त नुसते हसले. म्हून मीच लिहून राह्यली. अक्षर कसं बी असो, हसू नको.

तुया बाप शाळेत जाये तवा ही गाडी आली. मी मागं डाव्या अंगाले पाय सोडून बसो, मांडीवर बाजाराचं थैलं. सारं वजन एकाच बाजूले. गाडी डावीकडं जाये, आबा उजवीकडं वाकून चालवत. मंग दर दिवाळीले पाना घेऊन बसत अन् म्हनत, कस्तुरे, बस पाहू. मी बसली का जरासं आवळत, चाक सरकवत. ज्या साली आवळलं त्या साली मी समजो, आपन जाड झालो. त्यायले आता हे आठवत बी नव्हतं, तुय्या पत्रानं आठवलं.

तू काही मोडलं नाही. पोरीच्या जातीनं एवढं जिवाले लावून घेऊ नये, अन् घेतलंच त जेवून घ्यावं. तुळसाले मी दसऱ्याचं सांगून ठेवलं हाये.

येत राह्य, म्हंजे बरं वाट्टे.
तुयी आजी

*

मानोरा, २ ऑक्टोबर

ती. आबा व आजीस, शि. सा. न.

पत्र वाचून मी जेवले नाही, मग आजीचं वाक्य आठवून जेवले.

आबा, तुमची इतक्या दिवाळ्यांची बैठक मी एका दुपारी पुसून टाकली. परत तशीच करून घ्यायला मी तयार आहे. पण मग मी एकटी असताना ती उजवीकडे ओढणार, आणि कामासाठी तांड्यांवर मला एकटीलाच जावं लागतं. आहे तशी ठेवली तर दसऱ्याला आजी बसताच डावीकडे ओढेल, बाबा बघतील आणि निळी जाईल. दोन्हीकडून मीच चुकते. काय करू ते तुम्हीच ठरवा. मी आदल्या दिवशी येते, पाना तुमच्याजवळ आहेच.

माझ्यावरची माया गाडीवर अवलंबून नाही ना, एवढं लिहा.
राखी

*

किन्हीराजा, १३ ऑक्टोबर

चि. राखीस, अनेक आशीर्वाद.

काल तू पुढे पाहून गाडी चालवत होतीस, तेच बरोबर. पण त्यामुळे मागचं काही तुला दिसलं नाही, म्हणून लिहितो.

मी सकाळपासून पाना खिशात घेऊन होतो, आजी बसली की नट आवळायचे म्हणून. तुझा बाप फाटकाशी हाताची घडी घालून उभा. आणि तुझ्या आजीने लुगड्याचा काष्टा चाचपला, तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सरळ पाय पलीकडे टाकून पुरुषासारखी बसली! शेजारच्या लिलाबाईने तोंडाला पदर लावला. मला ऐकू आलं नाही, तुझ्या बापाने नंतर माझ्या कानाशी ओरडून सांगितलं. आजी तिला म्हणाली होती, इतकी वरसं सासूच्या धाकानं एका अंगानं बसली, आता सासू बी नाही अन् धाक बी नाही.

खिशातला पाना खिशातच राहिला. निळी फाटकातून निघाली ती दोरीवर चालल्यासारखी. तुझ्या बापाने घडी सोडली आणि तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, स्कूटीचं राहू द्या. तुम्ही मोठ्या रस्त्याला लागून दिसेनाशा होईपर्यंत आम्ही दोघं बघत होतो. मग त्याने माझा दंड धरला आणि कानाशी विचारलं, आबा, चक्कर येते का?

चक्कर नव्हती. तुझी आजी गाडीवर बसल्यापासून मी उभ्या उभ्या उजवीकडे झुकलो होतो.

पुढच्या रविवारी ये. मला मागे बसायचं आहे.
तुझा आबा