मुलीने लपवलेलं चालणं

चि. हर्षाली,

तुला पुण्याहून यायला जमलं नाही, म्हणून काल तपासणीला एकटाच गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काका, चालणं कसं चाललंय?"

"तुम्हीच बंद केलंत ना?" मी म्हणालो.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हृदय कमजोर झालं की त्याला दामटायला शरीर सतत रसायनं सोडतं. सारखा ओरडा ऐकून माणूस निर्ढावतो, तसं हृदयही त्या संदेशांना दाद देईनासं होतं. रोज बेताने चाललं की ओरडा कमी होतो आणि ते पुन्हा ऐकू लागतं. इस्पितळातून घरी सोडलं तेव्हाच हे तुमच्या मुलीला सांगितलं होतं."

डॉक्टरांनी चालणं बंद केलंय असं तूच मला सांगितलं होतंस, म्हणून वर्षभर मी खिडकीत बसून काढलं. पांडवलेणीच्या डोंगरावर फिरायला सोबत येणारे मित्रही हाका मारायचे थांबले. फोनवर तुला जाब विचारला, तर म्हणालीस, "बाबा, वाटेत पडला असतात तर मलाच रजा टाकून यावं लागलं असतं." माझ्या जिवाची भीती वाटली म्हणाली असतीस, तर मी सगळं विसरलो असतो.

आज कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत चाललो. बाकावर दम खात होतो, तेवढ्यात तुझा फोन आला.

"बाहेर पडला नाहीत ना?"

"नाही गं, घरीच आहे."

तुझ्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोललो, आणि मला काहीच वाटलं नाही. हे पत्र मी टाकणार नाही.

तुझे,
बाबा