पत्रिकेतला जनरल मॅनेजर

लीड्स,
१३ जून

तीर्थरूप दाजींच्या पायाशी दिनकरचा नमस्कार, आणि तोही मान वर न करता.

स्वरालीचं लग्न फेब्रुवारीत झालं, आता जून निम्मा सरत आला, तरी मामाचं चार ओळींचं पत्र नाही, याबद्दल आधी माफी मागतो. मध्ये दोनदा फोन झाला तो धरू नका. फोनवर मी नुसतं ‘हो हो, मजेत’ म्हणतो आणि ते खरं नसतं. अक्काची साखर कशी आहे? तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, की अजून ‘आंबे संपू द्या’ हेच चाललंय? (डोळ्याचा आणि आंब्याचा संबंध मला कधी कळला नाही, पण तुम्ही जाणते आहात.) माझा गुडघा आहे तसाच आहे. बत्तीस वर्षं बसचा ब्रेक दाबून दाबून तो झिजला असं डॉक्टरीणबाई म्हणतात. उशीर गुडघ्यामुळं झाला असं लिहिणार होतो, तसा एक कागद लिहिलाही होता, पण फाडला. पत्र हातानं लिहितात, गुडघ्यानं नव्हे, असं तुम्ही लगेच म्हणाला असता. खरं सांगायचं तर उशीर लाजेमुळं झाला. आणि ती लाज तुमच्याकडूनच पोस्टानं आली होती, हळदीकुंकवाचं बोट लावून.

म्हणजे लग्नाची पत्रिका हो. तुम्ही ती मायेपोटी पाठवलीत. त्यात मामा म्हणून माझ्या नावापुढं जे छापलं गेलं तेही मायेपोटीच, किंवा छापखान्यात काही घोटाळा झाला असेल. मी कोणाला बोल लावत नाही. पण त्या एका ओळीनं इथं सहा भल्या माणसांचं नुकसान व्हायची वेळ आली आहे. ते कसं, हे सांगायला जरा मागं जावं लागेल. तुम्ही चहा घेऊन बसा.

आमचं रेडिओ स्टेशन तुम्ही पाहिलेलं नाही. गालिच्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. दिवसभर हिंदी, पंजाबी, गुजराती, आणि रविवारी सकाळी सातला अर्धा तास मराठी. मालक हरीश. त्याचे वडील आणि मी एकाच बस डेपोत होतो. पोरगा इथंच जन्मला, मराठी बोलतो, पण उन्हाला ‘ती’ म्हणेल आणि सावलीला ‘तो’. मनानं वाईट नाही. नंदा गेली, संसारात मी एकटा उरलो, तेव्हा घरात बसून माझं डोकं फिरेल म्हणून त्यानंच मला बोलावलं, त्याला अकरा वर्षं झाली. पण गेल्या वर्षापासून त्यानं नवीन पद्धत काढली. उद्या कोणी कामावर यायचं आणि कोणी नाही, हे तो आदल्या संध्याकाळी मोबाईलवर कळवतो. आमच्यात आसावरी म्हणून पुण्याची मुलगी आहे, सकाळच्या बातम्या वाचते. घरात चार वर्षांची लेक. तिला तीन दिवस ताप आला म्हणून आसावरी घरी राहिली, तर आठवड्याच्या तिच्या पाच पाळ्यांच्या दोन झाल्या. तेव्हा तिनं युनियनचे फॉर्म आणले. एक माझ्याहीपुढं ठेवला. मी म्हटलं, “अगं, मी कशाला? मी कोण?” तर म्हणाली, “काका, तुम्ही नसाल तर सहा वाजता शटर कोण उघडणार? हरीश? ही डझन्ट इव्हन नो कुठली किल्ली कुठली!” दाजी, पार्सल सोडून दुसऱ्या कशावर सही करा असं मला अकरा वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. मी सही केली. चांगली मोठी केली, चौकटीच्या बाहेर गेली.

आता युनियनला मालकाशी बोलायचा हक्क मिळायचा तर आधी एक गोष्ट ठरावी लागते. युनियन बोलणार ती कोणाकोणाच्या वतीनं? त्या लोकांच्या गटाला इथं बार्गेनिंग युनिट म्हणतात. आपल्याकडची पंगत धरा. पानावर कोण बसणार, वाढपी कोण आणि यजमान कोण, हे ठरल्याशिवाय भात वाढता येत नाही. यजमान, म्हणजे मॅनेजर मंडळी, पंगतीत बसत नाहीत. आसावरीचं म्हणणं, जे आवाज देतात आणि ज्यांच्यामुळं तो आवाज बाहेर जातो ते सगळे एका पंगतीत. तशी तेरा पानं होत होती. हरीशचं म्हणणं, बातम्या वाचणारे निराळे, गाणी लावणारे निराळे, आणि मशीन सांभाळणारा परीक्षित तर कलाकारच नव्हे, तो वायरमन. (परीक्षितला हे फार लागलं. तो इंजिनियर आहे आणि वादळात एरियल सरळ करायला गच्चीवर चढलेला माणूस आहे.) तेरापैकी युनियनचे सभासद सात. म्हणजे निम्म्याहून जास्त. काम होत होतं. आणि तो सातवा म्हणजे मी.

तेव्हा सगळा तंटा माझ्यावर आला. हरीशचा वकील म्हणाला, हा गृहस्थ दार उघडतो, चहा करतो, गाण्यांच्या तबकड्या पुसून कपाटात ठेवतो. याचा प्रक्षेपणाशी संबंध काय? आसावरी म्हणाली, रविवारी अर्धा तास अभंग कोण लावतं? ‘श्रोतेहो, गुडघे सांभाळा, बाहेर बर्फ आहे’ असं कोण सांगतं? उभ्या जन्मात माझ्यासाठी दोन पक्ष भांडले नव्हते. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. तिथंच माझी मती फिरली.

मे महिन्यात सरकारी लवादाचे तिघे जण ऐकायला बसले, एका हॉटेलच्या खोलीत. मधोमध पांढऱ्या केसांच्या बाई, अगदी सभ्य. मी नंदानं घेतलेला कोट घालून गेलो होतो. आदल्या दिवशी आसावरीनं मला चार वेळा सांगितलं होतं, “काका, जे रोज करता तेच सांगायचं. दॅट्स ऑल.” मी तेच घोकत होतो. शटर, चहा, तबकड्या, अभंग. शटर, चहा, तबकड्या, अभंग. आणि वकिलानं पिशवीतून काय काढावं? स्वरालीची पत्रिका! मी ती स्टेशनच्या किचनमध्ये किटलीच्या वर तीन टाचण्या मारून लावली होती. जावईबापूंच्या बेंगळुरूच्या मित्रांसाठी तुम्ही मागच्या बाजूला इंग्रजीत छापलंत ना, तीच बाजू वर ठेवली होती. (गणपती भिंतीकडं गेला, त्याचीच शिक्षा असावी.) बाईंनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं: मिस्टर दिनकर पिसाळ, जनरल मॅनेजर, रेडिओ स्टेशन, लीड्स, यू.के. नंतर माझ्याकडं बघून हसल्या आणि म्हणाल्या, इज दिस यू, मिस्टर पिसाळ?

दाजी, ‘नो मॅडम’ एवढे दोनच शब्द. तेवढं इंग्रजी मला येतं. पण बत्तीस वर्षं बस चालवली, लोक उतरताना नाव न घेता नुसतं ‘चीअर्स, ड्राइव्ह’ म्हणायचे, आणि माझं पूर्ण नाव असं मान देऊन, हुद्द्यासकट, या देशात पहिल्यांदा कोणीतरी घेतलं होतं. मी उठून उभा राहिलो. कोटाचं बटण लावलं. म्हणालो, येस मॅडम.

पुढं सगळी उतरंडच कोसळली. वकिलानं विचारलं, तुमच्या हाताखाली कोणी आहे का? मी म्हटलं, कपबशा धुवायला एक बाई येते, तिला मी सूचना देतो. स्टेशनच्या मालावर तुमचा ताबा आहे? मी म्हटलं, बिस्किटांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं असते, मला विचारल्याशिवाय कोणाला क्रीमचं बिस्किट मिळत नाही, फुल कंट्रोल. कधी कोणाला कामावरून काढलंत? मी म्हटलं, दूधवाल्याला. (तो खरोखर नासकं दूध द्यायचा.) मागं कोणीतरी हसलं. मला वाटलं, कौतुकानं हसले. मग शेवटी त्यानं विचारलं, जनरल मॅनेजर या शब्दांखाली ही लाल रेघ कोणी मारली? आणि मी म्हटलं, मीच. म्हटलं, कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून.

तेव्हा मी आसावरीकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. समोरच्या कागदावर तिनं तेराचा आकडा खोडून बारा लिहिला, आणि साताचा खोडून सहा. मॅनेजर पंगतीतून उठला म्हणजे बारा पानं आणि सहा सभासद. सहा म्हणजे बरोबर निम्मे, दाजी. बहुमत निम्म्याहून एकानं तरी जास्त लागतं. आता मतदान घ्यायची वेळ येणार, आणि तोवर हरीश एकेकाला खोलीत बोलावून पाळ्यांची भीती घालणार. त्या सहांसोबत उभा राहिलो मी आणि ऐन वेळी खाली बसलोही मीच, ते सुद्धा उभं राहून.

परत आल्यावर ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं चहा केला. अकरा वर्षांत त्या स्टेशनवर माझा चहा दुसऱ्या कोणी केला नव्हता. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “काका, साखर बघा.” साखर बरोबर होती.

आणि हरीशनं काय करावं? त्यानं मला खरंच पाटी करून दिली. म्हणाला, “काका, तुमची नवीन बॅज आला! नाऊ यू आर मॅनेजमेंट!” पगार तोच, शटर तेच, सकाळचे सहा तेच. फक्त रविवारचा अर्धा तास काढून घेतला, कारण मॅनेजरनं अभंग लावले तर वकिलाला आवडत नाही. हेही मी सोसलं असतं. पण गुरुवारी त्यानं एक बंद पाकीट माझ्या हातात दिलं. त्यावर आसावरीचं नाव. म्हणाला, “तिची दोन शिफ्ट पण बंद. तुम्ही देऊन टाका काका, हे काम मॅनेजरची असतो. मंडेपर्यंत.” मी ते घेतलं. नको म्हणायचं मला सुचलं नाही. पाकीट आता बिस्किटांच्या कपाटात मागच्या बाजूला आहे, आणि किल्ली माझ्या खिशात. आसावरी पाळीला येते, ‘गुड मॉर्निंग काका’ म्हणते, आणि मी खिशात हात घालून उभा राहतो. काल तिच्या लेकीनं क्रीमचं बिस्किट मागितलं, तर मी संपलंय म्हणालो. चार वर्षांच्या पोरीशी खोटं बोललो, दाजी. मॅनेजर झाल्यापासून एवढीच काय ती बढती.

असो. पाऊसपाणी ठीक. अक्काला नमस्कार, स्वरालीला आणि जावईबापूंना आशीर्वाद. या कागदांचे फोटो काढून तुमच्या फोनवर आधी पाठवतो. (एखाद्या फोटोत माझा अंगठा आला तर खालची ओळ अंदाजानं वाचा.)

तुमचा,
दिनकर

ता. क. – एक काम होतं. लवादाच्या बाईंनी ३० जूनपर्यंत कोणाला काही लेखी द्यायचं असेल तर द्या असं सांगितलंय. तुम्ही मुलीचे वडील, पत्रिका तुम्ही छापलीत. तेव्हा ‘जनरल मॅनेजर हे शब्द छापखान्याच्या चुकीनं पडले’ असं एका कागदावर लिहून सही करून पाठवाल का? इंग्रजी करून द्यायला वाईला तुमच्या गल्लीतले मास्तर आहेतच. एवढं झालं की मी परत सातवा.

ता. क. दुसरी – या पत्राचं पाकीट डकवलं होतं, परत फोडलं. वरची ता. क. खोडत नाही, म्हणजे मी काय मागायला निघालो होतो ते तुम्हाला दिसेल. छापखान्याची चूक नव्हती. तुमचीही नव्हती. जानेवारीत तुमचा फोन आला होता. तुम्ही म्हणालात, “दिनकरराव, मुलाकडच्या यादीत कारखान्याचे संचालक आहेत, मुख्याध्यापक आहेत, आपल्याकडून मामापुढं काय घालू?” मी म्हटलं, इथलं सगळं तसं मीच बघतो. तुम्ही म्हणालात, “मग मॅनेजर घालतो.” आणि मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणालो, नुसतं मॅनेजर जरा तोकडं दिसतं. ‘जनरल’ माझं आहे, दाजी. तेव्हा हेच लिहा. तुम्ही काय विचारलंत, मी काय बोललो, आणि मी शटर उघडतो, चहा करतो, तबकड्या पुसतो, आणि रविवारी अर्धा तास बोलायचो. पाठवण्याआधी हे पत्र अक्काला वाचून दाखवा. तिनं गल्लीभर सांगून ठेवलंय, तिला हे माझ्याकडूनच कळलेलं बरं. आणि पुढच्या लग्नाला नुसतं ‘मामा’ छापा. तेवढा हुद्दा मला खरा मिळालेला आहे.

ता. क. तिसरी – पत्र पेटीत टाकायचं राहिलं आणि सोमवार उजाडला. आज सकाळी कपाट उघडलं. आधी क्रीमच्या बिस्किटांचा पुडा काढून आसावरीच्या टेबलावर ठेवला. मग आसावरीच्या नावाचं ते पाकीट न फोडता हरीशच्या टेबलावर ठेवलं, त्यावर पाटी ठेवली. म्हटलं, हे मी देणार नाही, द्यायचं तर तू स्वतः तिच्याकडं बघून दे. तो पाटीकडं बघत म्हणाला, “पण काका, मॅनेजर नाही, तर तुम्ही नक्की कोण आहे?” मी म्हटलं, त्याचं लेखी उत्तर वाईहून निघालंय.

अजून निघालेलं नाही हे मला माहीत आहे. दाजी, डोळ्याचं काय व्हायचं ते होऊ द्या, आंब्याचं काय व्हायचं ते होऊ द्या, पण तेवढा कागद आज लिहा.