एका बाजूने घासलेलं नाणं

दादा,

बाबांचं ते दुर्मिळ नाणं आज संग्राहकांच्या बैठकीत नेलं होतं. एकाने भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, राखेने घासलंय हे! तीनशे वर्षांचा रंग एका दुपारी धुऊन टाकला!"

दुसरा म्हणाला, "घासणाऱ्याला भांड्यांच्या दुकानात ठेवा." सगळे हसले. मीही हसले.

म्हातारे सराफ मात्र नाणं उलटून बघत राहिले. "ही बाजू कशी वाचली? कुणीतरी वेळेवर हात धरलेला दिसतो."

मला मोरीवरचा तो उन्हाने तापलेला दगड आठवला, राखेची वाटी आठवली, मनगटावरची तुझी पकड आठवली. बाबांच्या वाढदिवसाला मला नाणं चकचकीत करून द्यायचं होतं. तू ते हिसकावलंस आणि तेवढ्यात बाबा दारात आले. नाणं तुझ्या हातात होतं. तू एक शब्द बोलला नाहीस. त्या दिवसापासून नाण्यांचं कपाट तुला बंद झालं आणि शेवटी सगळा संग्रह माझ्या नावावर झाला.

सभांमधून खोट्यावर आग ओकणारी मी, चाळीस वर्षं एका वाक्याला घाबरले. आज म्हणाले, "घासणारी मी. हात धरणारा माझा भाऊ."

"त्यांना घेऊन या," सराफ म्हणाले. "नाण्याची खरी जाण त्यांनाच होती."

हे पत्र टाकणार नाही. कागदाआडून सांगणं म्हणजे पुन्हा लपणंच. रविवारी कपाटाची किल्ली घेऊन तुझ्या दारात येते. या वेळी मात्र तू गप्प बसू नकोस.

तुझी तोफ